झेड की लँड क्रूझर?

शाहूपुरी, सातारा

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र, दोन्ही गाड्यांचे फोटो आणि त्या दोघा मालकांनी सांगितलेल्या किमती, सगळं पोचलं. आधी डॉलरचे रुपये केले आणि मग तो कागद पोराच्या हाती लागू नये म्हणून घडी करून खिशात घातला. १९७२ ची डॅटसन २४० झेड, म्हणजे दोन सीटची स्पोर्ट्स कार, आणि १९७८ ची टोयोटा लँड क्रूझर एफजे ४०, म्हणजे जीपच्या जातीची गाडी, जवळजवळ एकाच किमतीला. वर तू म्हणतोस, "बाळ्या, तू म्हणशील ती घेतो." लेका, वहिनींना बघायला गेलास तेव्हा मला बरोबर नेलं नव्हतंस, आणि आता गाडीला मात्र माझा कौल पाहिजे!

तुझी खात्री असणार की मी लँड क्रूझर म्हणणार. ओमानात उमेदीची वर्षं ज्याची तिच्या पोटाखाली आडवं पडून गेली, तो दुसरं काय म्हणेल? पण मी झेड म्हणतोय. का ते सांगतो. सांगताना फाटे फुटतील, ते सहन कर. पावसानं दुकानात गिऱ्हाईक नाही आणि मला वेळच वेळ आहे.

लँड क्रूझरबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघायचा नाही. रस्त्याच्या कामावर आमच्या कॅम्पात ४० सिरीजच्याच गाड्या होत्या, तुझ्यासारख्या आखूडही आणि मागं हौदा असलेल्या लांबही. तुझ्या गाडीत टू एफ इंजिन असेल, ४.२ लिटर, सहा सिलिंडर, पेट्रोल. त्यात टायमिंगला चेन नाही की पट्टा नाही, गिअरला गिअर भिडलेला. व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालतात. बिघडण्यासारखं फारसं काही ठेवलेलंच नाही. बॉनेटवर हात टेकवता येणार नाही अशा दुपारी, टायरमधली हवा कमी करून ती वाळूत घालायची, आणि ती निमूट जायची. पुढच्या चाकांचे हब खाली उतरून हातानं लॉक करायचे, मग फोर बाय फोर टाकायचं. आवाज ट्रकचा, कारण ते इंजिन मुळात ट्रकच्याच घराण्यातलं. कुठं ठोकली, पत्रा आत गेला, तर आतून हातोडीचे दोन दणके द्यायचे आणि कामाला लागायचं. रंग गेला म्हणून कुणी हळहळलं नाही.

तिची कुळकथा तुला ठाऊक आहे का? १९५१ साली टोयोटानं अमेरिकन जीपच्या धर्तीवर एक गाडी बांधली, तिला ३.४ लिटरचं ट्रकचं इंजिन बसवलं आणि नाव सरळ 'टोयोटा जीप बीजे' ठेवलं. त्याच वर्षी त्यांच्या इचिरो ताइरा नावाच्या टेस्ट ड्रायव्हरनं ती फुजी पर्वतावर सहाव्या टप्प्यापर्यंत चढवली. त्यानंतर जपानच्या पोलीस खात्यानं २८९ गाड्यांची मागणी नोंदवली. 'जीप' हे नाव मात्र विलीज या अमेरिकन कंपनीचं, म्हणून १९५४ ला 'लँड क्रूझर' असं नवं बारसं झालं. ४० सिरीज आली १९६० ला आणि १९८४ पर्यंत चालली. ब्राझीलमध्ये तर तिची बहीण, बांदेइरांते, २००१ पर्यंत निघत होती.

म्हणजे कूळ आपल्या जीपचंच. महिंद्रानं विलीज इथं बांधायला घेतली, जपान्यांनी ती बघून स्वतःची केली. तुझे आबा कोयना प्रकल्पावर चालवायचे ती सीजे ३ बी, उंच बॉनेटची. ते बॉनेट उंच का, हे आबांनी कधी सांगितलं नाही. मला फार उशिरा कळलं. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, इंजिनाची उंची वाढली, आणि मग त्याच्यावर झाकण घालायला बॉनेटही उचलावं लागलं. गाडी दिसायला थोडी गबाळी झाली, पण तीच आपल्याला सगळ्यात रुबाबदार वाटायची.

आणि गंमत बघ. तू राहतोस त्या ऑस्ट्रेलियात लँड क्रूझरनं पाय रोवले तेही धरणाच्याच कामावर. स्नोई माउंटन्सचा प्रकल्प, १९४९ ते १९७४. त्यावर काम करणाऱ्या थीस यांच्या कंपनीनं १९५० च्या दशकाच्या अखेरीस लँड क्रूझर मागवल्या, त्या डोंगरात तगल्या, आणि मग त्यांनी त्या गाड्या आणून विकायलाही सुरुवात केली. तिकडं डोंगर पोखरत होते तेव्हा इकडं कोयनेचं पाणी पोफळीकडं उतरवायला सह्याद्री पोखरत होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर आबांनी जीपमधून जखमी माणसं कशी खाली पाटणला पोचवली, हे आपण दोघांनी हेळवाकच्या त्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून किती वेळा ऐकलं! दर वेळी एखादा माणूस वाढायचा त्या गोष्टीत. आता तुझ्या फोटोंकडं येतो. लँड क्रूझरच्या मागच्या आडव्या, समोरासमोरच्या बाकांचे तू ढीगभर फोटो काढलेस आणि इंजिनाचा एकच, तोही हललेला. पंचेचाळीस वर्षांची दोस्ती आहे आपली. तुझं मन त्या बाकांवर कुठं जाऊन बसलंय ते मला न सांगता कळतं.

माझं म्हणणं एवढंच की ती मेलबर्नची लँड क्रूझर घेऊन आबांची जीप काही परत येत नाही. उलट रोज थोडी थोडी पुसली जाईल. फोटोतल्या गाडीला जो रंग लावलाय, तसा रंग मी आयुष्यात कुठल्याही लँड क्रूझरला पाहिला नाही. कंपनीतून निघाली तेव्हाही तिला असा नसणार. आतला पत्रा आरशासारखा. आता मला सांग, ही गाडी तू चिखलात घालशील? बाभळीची एक फांदी घासली तर दोन दिवस जेवणार नाहीस. आणि चिखलात घालायची नसेल तर उरतं काय? हायवेला नव्वदच्या पुढं गेलास की वारा, गिअरबॉक्स आणि टायर मिळून बोलायला लागतात, शेजारी बसलेल्या वहिनी काय म्हणतात ते ऐकू येणार नाही. (याला तू फायदा म्हणशील, माहितीय.) चारी चाकांना पाटे, त्यामुळे रिकामी गाडी प्रत्येक जोडावर उडते. पेट्रोल लिटरला पाच-सहा किलोमीटर. पुढचे डिस्क ब्रेक ४० ला उशिरा आले, तुझ्या गाडीत आहेत का तेही बघावं लागेल. हे सगळे तिचे दोष नाहीतच मुळी. माल, माणसं, वाळू, नदी यांच्यासाठी केलेल्या गाडीला तू रविवारी कॉफी प्यायला नेणार, आणि मग ती वैतागणार.

झेडचं तसं नाही.

मागच्या खेपेला मी तुझ्याकडं आलो होतो, तेव्हा एका सकाळी तू घोरत असताना तो झेडवाला म्हातारा मला डँडेनाँगच्या डोंगरात फिरवून आला, हे तुला अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं असं, की चढ संपल्यावर त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. मी घाबरलो होतो. सीट इतकी खाली की जमिनीवर चटई टाकून बसल्यासारखं वाटतं, आणि समोर लांबच लांब बॉनेट. मधे डॅशबोर्डवर तीन गोल मीटर, खोल नळ्यांत बसवलेले, ड्रायव्हरकडं तोंड करून. किल्ली फिरवली. २.४ लिटर, सहा सिलिंडर, दोन कार्बोरेटर. टू एफचा आवाज छातीत बसतो; हिचा आवाज पाय दाबशील तसा बदलत जातो, आधी घशातला, मग मोकळा. आणि गाडीचं वजन जेमतेम हजार-पन्नास किलो! लँड क्रूझर दीड टनाच्या घरात. तिथंच सगळा फरक पडतो.

स्टिअरिंगला पॉवर नाही, रॅक अँड पिनियन आहे. रस्त्यावर खडी पडलेली असेल तर हाताला कळतं. चारी चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र, आणि ते १९६९ मध्ये, बेताच्या किमतीच्या गाडीत. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं तेव्हा गाडी कलली, पण सुटली नाही, आणि मला आपला यवतेश्वरचा घाट आठवला, पावसाळ्याच्या आधीचा, समर्थ मंदिरापासून वर जातानाची ती लागोपाठची वळणं. काटा साठच्या आसपास होता, पुढं नाही. एवढ्याशा वेगात गाडी चालवायला मजा येते, ही गोष्ट मी विसरूनच गेलो होतो. कागदावर तिची ताकद १५१ अश्वशक्ती, तीही जुन्या, जरा फुगवून मोजायच्या पद्धतीची. हल्ली त्याहून जास्त ताकद आमच्या गल्लीतल्या एसयूव्हीला असते, आणि ती चालवणारा सिग्नलला मोबाईल बघत बसलेला असतो.

तर मुद्दा हा. लँड क्रूझरला सुखी करायला तुला डोंगर, चिखल, दोन दिवसांची सुट्टी आणि सोबतीला दुसरी गाडी पाहिजे. झेडला अर्धा तास आणि एक वळणाचा रस्ता पुरतो. साठीच्या माणसाला यातलं काय जास्त वेळा मिळतं, तूच बघ. गुडघे आणि कंबर यांच्या बाबतीत दोन्ही सारख्याच. एकीत चढावं लागतं, दुसरीतून वर यावं लागतं.

"झेड नाजूक" असं तू लिहिलंयस. कुणी सांगितलं तुला? पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली म्हणजे हजारो किलोमीटर धूळ, दगड आणि लाल चिखल. ती १९७१ ला एडगर हेरमननं २४० झेडमध्ये जिंकली आणि १९७३ ला शेखर मेहतानं. मेहता युगांडात जन्मलेला आपला भारतीय वंशाचा गडी. इदी अमीननं तिथल्या आशियाई लोकांना देशोधडीला लावलं, आणि पुढच्याच वर्षी या माणसानं सफारी मारली. त्या वर्षी पहिला आणि दुसरा गुणांत बरोबरीत होते, दुसरीही डॅटसनच. पुढं मेहतानं १९७९ पासून ओळीनं चार वेळा जिंकून एकूण पाच सफारी नावावर केल्या. म्हणजे ज्या कामासाठी लँड क्रूझर नावाजली, तसल्या रस्त्यांवर ही "नाजूक" गाडी फुल स्पीडनं पळाली आहे. ठोसेघरच्या रस्त्याचे खड्डे त्या मानानं गालिचाच.

तिचं नाव जपानात फेअरलेडी झेड. डॅटसन हा निस्सानचाच छाप. अमेरिकेत निस्सानचा कारभार बघणारे युताका कातायामा यांना ते नाव अजिबात रुचलं नाही. अमेरिकन गडी असल्या नावाची गाडी विकत घेणार नाही म्हणून त्यांनी तिकडं २४० झेड हे नाव लावलं. भाव ठेवला ३,५२६ डॉलर. गाड्या येतील तशा खपल्या. हे कातायामा १०५ वर्षं जगले, २०१५ ला गेले. एवढं आयुष्य मिळणार असेल तर मीही उद्यापासून झेड चालवतो.

आता वाईट बातमी, आणि ही नीट वाच. झेड चालवताना मरत नाही, उभ्या उभ्या मरते. गंज. लँड क्रूझरलाही गंज धरतो. छताच्या पन्हळीत धरतो, मागच्या कोपऱ्यांत, दरवाजाखालच्या पट्टीत धरतो. पण तिची चेसी वेगळी, जाड, शिडीसारखी. वरचा पत्रा कुजला तर तो कापून नवा जोडता येतो, गाडी उभी राहते. झेडला वेगळी चेसीच नाही. फ्लोअरचा पत्रा आणि त्याच्या खालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्या हाच तिचा कणा, आणि तोच आधी सडतो. मालकानं वरून कितीही चमकवली असली तरी तू खालून बघ. बॅटरीखालची जागा बघ, तिथं ॲसिड सांडून पत्र्याची चाळण झालेली असते. पुढच्या काचेखाली जाळी आहे, तिच्यात पालापाचोळा अडकला की पाणी तुंबतं आणि आतून पत्रा खातं. पुढच्या चाकामागचा मडगार्डचा खालचा भाग, दारामागचा कोपरा, मागच्या काचेच्या दाराची खालची कड. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बरोबर ने. जिथं चुंबक धरणार नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे असं समज. थोडी लांबी चालते. पन्नास वर्षांच्या बाईनं थोडी पावडर लावली तर कुणी बोलू नये. पण खालच्या पट्ट्यांवर डांबरासारखा काळा जाड थर मारलेला दिसला, तर हसून नमस्कार करायचा आणि परत यायचं. मग खुशाल लँड क्रूझर घे, मी एक अक्षर बोलणार नाही.

इंजिनाची मला काळजी नाही. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, सात मेन बेअरिंग. तेल बदलत राहिलं तर ते आपल्या दोघांना पोचवून येईल. फक्त इंजिनाचा नंबर मूळ नंबराशी जुळतो का ते बघ. पुष्कळ जणांनी पुढं २८० झेडचं २.८ लिटरचं इंजिन उचलून यात बसवलं. चालवायला ते जास्त चांगलं, किमतीला कमी. तुझ्या म्हाताऱ्यानं असं केलं असेल तर माझ्या मते उत्तम, त्या जोरावर भाव पाड.

भाव म्हटलं म्हणून एक सांगतो. "पुढं किंमत वाढेल" हे वाक्य तुझ्या पत्रात आलंय आणि ते मला बिलकूल आवडलं नाही. २०२० ला अमेरिकेत एका ऑनलाइन लिलावात १९७१ ची २४० झेड ३,१०,००० डॉलरला गेली, हे खरं. पण ती फारच कमी चाललेली होती. टोयोटाची २००० जीटी तर ३५१ च बनल्या, त्या आता हिरे-माणकांच्या भावात. तुझी गाडी त्या पंगतीतली नाही, आणि असती तर मी घेऊ नको म्हणालो असतो, कारण तू ती चालवली नसतीस. पैसे वाढवायचे असतील तर वडूजकडची जमीन सोडवून घे, भावांची भांडणं मिटतील.

इकडं आणायचाही विचार सोड. २०२५ ला आपल्या सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्या परवान्याशिवाय आणायची मुभा दिली, त्या हिशेबानं झेड बसते आणि लँड क्रूझरला अजून थांबावं लागेल. पण कस्टमची ड्युटी भरून तू दुसरी गाडी घेशील. आणि एवढं करून व्हिंटेज म्हणून नोंदवली, तर ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. शिवाय पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतचे गतिरोधक आठव. झेडचं पोट पहिल्याच गतिरोधकाला टेकेल आणि बघायला मोती चौकापर्यंत गर्दी जमेल. ती तिकडंच राहू दे. मी येतो तिकडं.

नातवंडांचं लिहिलंस, की झेडमध्ये दोनच सीट. बरोबर आहे. पण लँड क्रूझरच्या आडव्या बाकांवर लहान मुलांची सीट बसवता येत नाही, आणि तुझी सून पोरांना तसं बसू देईल असं मला वाटत नाही. आपण वडापच्या जीपमधून बारा-पंधरा जण कोंबून पाटणला जायचो, मागं लटकून जायचो, ते दिवस गेले आणि गेले ते बरंच झालं. १९७४ पासून झेडची चार सीटवाली टू प्लस टू आली, पण तिचं छत मागं ताणलेलं दिसतं, मला नाही आवडत. त्यापेक्षा एका वेळी एका नातवाला ने. दुसरा भांडेल, भांडू दे.

इथली हालहवाल ठीक. कासच्या बाजूला चार दिवस नुसतं धुकं आहे. माझी जिप्सी परवा बामणोलीच्या उतारावर ब्रेकला थोडी एका बाजूला ओढत होती, व्हील सिलिंडर गळत होता, तो बदलला. पोरगा म्हणतो विकून टाका. त्याला म्हटलं, दुकान तू सांभाळ, ती मी सांभाळतो.

तर आता एवढं कर. येत्या शनिवारी म्हाताऱ्याकडं जा, गाडी लिफ्टवर घ्यायला लाव आणि खालच्या दोन्ही पट्ट्यांचे, पुढपासून मागपर्यंत, फोटो काढ. हललेले नकोत. ते बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. आणि गाडी चालू करायला जाशील तेव्हा इंजिन थंड पाहिजे. आधीच गरम करून ठेवलं असेल तर का केलं ते विचार.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईसाठी पाठवलेलं औषध मिळालं, गुण आहे.

तुझा,
बाळ्या

ता. क. गिअर चार आहेत की पाच, ते लिहायला विसरलास. पाच असतील तर रिव्हर्स कुठं पडतो तेही विचारून ठेव. त्या दिवशी मला सापडला नाही आणि म्हाताऱ्यानं उतरून ढकलली.